पेपर हातात आला की सगळं पुसलं का जातं?

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला क्लासिकल मेकॅनिक्सच्या पेपरला पहिली वीस मिनिटं मला काहीही लिहिता आलं नव्हतं. पहिलाच प्रश्न होता डबल पेंड्युलमचा, म्हणजे एका लंबकाला टांगलेल्या दुसऱ्या लंबकाचा, लॅग्रांजियन (गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा) काढा. आदल्या रात्री तो मी दोनदा वाचला होता. उत्तरपत्रिकेवर आकृती तेवढी काढली: दोन दोऱ्या, दोन गोळे, थीटा एक, थीटा दोन. पुढे हात जाईना. घशाला कोरड पडली, बोटं गार पडली. शेजारच्या बाकावरचा मुलगा पान उलटत होता, तो आवाज मला अजून आठवतो. पेपर संपल्यावर पायरीवर बसून वही उघडली आणि पहिल्याच ओळीला वाटलं, अरे, हे तर मला येत होतं!

आता मी टी.वाय.ला भौतिकशास्त्र शिकवतो. सुपरव्हिजनला उभा राहिलो की दरवर्षी अशी दोन-तीन मुलं दिसतात. हॉल तिकीट सरळ करतात, पाणी पितात, पेनाचं टोपण काढतात-लावतात. ही मुलं अभ्यास न केलेली नसतात. म्हणूनच त्यांच्या डोक्यात त्या वेळी नेमकं काय चालतं, हे त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका ओळखणं हे त्याच्या कामांपैकी एक. समोर साप आहे की क्वांटम मेकॅनिक्सचा पेपर, याचा बारकाईने विचार करत बसायला तो थांबत नाही. त्याचा इशारा मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस या भागाकडे जातो आणि मूत्रपिंडांच्या टोकांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी कामाला लागतात. अॅड्रिनॅलिन काही क्षणांत रक्तात उतरतं. हृदय धडधडू लागतं, त्वचेकडचं रक्त स्नायूंकडे वळतं म्हणून हात गार पडतात, पचन मंदावतं म्हणून पोटात गोळा येतो. त्यामागून, जरा सावकाश, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. ताण सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी त्याची पातळी सर्वांत वर असते. म्हणजे हॉलबाहेर उभं राहून ‘हे केलंस का, ते केलंस का’ करत मित्राची वही चाळायला सुरुवात केली, तर कॉर्टिसॉलचा भर नेमका प्रश्नपत्रिका हातात पडते तेव्हा येतो.

या कॉर्टिसॉलचा आठवणीशी थेट संबंध आहे. 2000 साली डॉमिनिक द केरव्हां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना काही शब्द पाठ करायला दिले. दुसऱ्या दिवशी, शब्द विचारण्याच्या एक तास आधी, त्यांना 25 मिलिग्रॅम कॉर्टिसोन दिलं. शरीरात त्याचं कॉर्टिसॉल होतं. या लोकांना शब्द आपणहून आठवायला जड गेलं. पण तेच शब्द यादीत दाखवले तर ओळखता मात्र येत होते. पायरीवर बसून वही उघडल्यावर मला जे वाटलं त्याचा उलगडा मला या प्रयोगात सापडला. शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं. त्या तासाभरापुरती ते बाहेर काढण्याची वाट अडलेली असते.

भौतिकशास्त्राच्या पेपरला आणखी एक अडचण येते. गणित सोडवताना आपण डोक्यात एक छोटंसं टेबल मांडतो. मानसशास्त्रज्ञ त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. या टेबलावर एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी मावतात. उतारावरून घरंगळत येणाऱ्या सिलिंडरचं साधं गणित घ्या. उताराचा कोन, गुरुत्वाकर्षणाचे दोन घटक, घर्षणाची दिशा, जडत्व आघूर्ण, घसरण नाही ही अट, एवढ्यातच टेबल भरलं. त्यात ‘हा पेपर गेला तर के.टी. लागेल, घरी काय सांगू’ हा विचार येऊन बसला की त्याला जागा देण्यासाठी काहीतरी खाली पडणारच. बहुतेक वेळा पडते ती घर्षणाची दिशा, आणि उत्तर उणे येतं. शियन बायलॉक आणि थॉमस कार यांना 2005 मध्ये असं दिसलं, की दडपणाखाली अवघड गणितांत सर्वांत जास्त घसरण होते ती ज्यांची कार्यकारी स्मृती एरवी उत्तम असते त्यांची. त्यांची सोडवण्याची पद्धतच त्या टेबलावर अवलंबून असते. ‘हुशार मुलाला काय टेन्शन’ असं म्हणणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं.

मग भीती मुळी नसलेलीच बरी का? तसंही नाही. 1908 मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांना विजेचे सौम्य-तीव्र झटके देऊन योग्य वाट ओळखायला शिकवलं. काम सोपं असताना झटका वाढवला तशी शिकण्याची गती वाढत गेली. काम अवघड केलं तेव्हा मात्र मध्यम झटकाच सर्वांत चांगला ठरला. अवघड विषयाला दडपणाची मात्रा कमी लागते, हे त्यातून पुढे आलेलं निरीक्षण. ‘अजून घाबर, म्हणजे अभ्यास करशील’ हा सल्ला पाढ्यांना कदाचित चालेल, टी.वाय.च्या पेपरला नाही.

गेल्या वर्षी सेमिस्टरच्या मध्यावर एक मुलगी केबिनमध्ये आली. “सर, घरी सगळं येतं, पेपरला काही आठवत नाही.” मी विचारलं, “घरी येतं म्हणजे तू काय करतेस?” तिने वही दाखवली. डेरिव्हेशनच्या प्रत्येक ओळीवर हायलायटर, तीन रंगांचा. मी वही मिटली, कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, “डबल पेंड्युलम काढ.”

आकृती झाली. पहिल्या गोळ्याचे निर्देशांक झाले. दुसऱ्या गोळ्याची गतिज ऊर्जा लिहिताना तिने सरळ अर्धा एम टू, एल टू वर्ग, थीटा टू डॉट वर्ग असं लिहिलं आणि पुढे निघाली. दुसरा गोळा पहिल्याला टांगलेला आहे, पहिला हलला की दुसराही हलतो, त्यामुळे तिथे दोन्ही वेगांचा गुणाकार असलेलं, कॉस थीटा एक वजा थीटा दोन हे पद यायला हवं, ते सुटलं. वहीत त्याच पदावर गुलाबी हायलायटर होता. वाचताना ते पद डोळ्यांना ओळखीचं वाटत होतं. हाताने ते कधीच घडवलेलं नव्हतं.

भीतीवर खरा इलाज इथे आहे, आणि तो परीक्षेच्या सकाळी नव्हे तर आधीच्या आठवड्यांत करायचा असतो. 2016 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एमी स्मिथ आणि टफ्ट्स विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग आला. 120 जणांनी शब्द किंवा चित्रं लक्षात ठेवली. निम्म्यांनी यादी पुन्हा पुन्हा वाचून, निम्म्यांनी यादी झाकून आठवून आठवून. दुसऱ्या दिवशी काहींना लोकांसमोर आयत्या वेळी भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावून चांगलं दडपण आणलं. वाचून पाठ केलेल्यांची आठवण दडपणाखाली घसरली. झाकून आठवलेल्यांची टिकून राहिली. शब्दांची यादी आणि लॅग्रांजियन एक नव्हे, हे मला मान्य आहे. पण माझ्या वर्गात मी जे पाहतो ते याच्याशी जुळतं.

तिला मी सांगितलं, की रोज एक कोरा कागद, एक डेरिव्हेशन, वही बंद. अडलं की पाच मिनिटं अडूनच राहायचं, मग वही उघडून फक्त तेवढी ओळ पाहायची आणि पुन्हा मिटायची. दोन-तीन दिवसांनी तेच परत. सुरुवातीला याचा फार त्रास होतो. हायलायटर लावताना वाटतं तसं ‘झालं’ असं वाटत नाही. आणि आठवड्यातून एकदा घड्याळ लावून, शक्यतो कॉलेजच्या रिकाम्या वर्गात बसून, जुना पेपर सोडवायचा.

न्यूमेरिकल्सचा सराव करतानाही एक गोष्ट पाहावी. 1981 मध्ये मिशेलीन ची आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राची 24 गणितं पीएच.डी.च्या आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना गटवारीसाठी दिली. नवशिक्यांनी उताराची एका गठ्ठ्यात, स्प्रिंगची दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवली. मुरलेल्यांनी ऊर्जा अक्षय्यतेची एकीकडे, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची दुसरीकडे अशी विभागणी केली. आकृतीवरून गणित ओळखणारा विद्यार्थी आकृती बदलली की घाबरतो. म्हणून जुन्या पेपरातलं गणित सोडवण्याआधी शेजारी तीन शब्दांत लिहावं, यात कुठला नियम लागतो.

राहिला परीक्षेचा दिवस. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते, घेताना वाढते. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घेतला की हे तुम्हाला स्वतःला जाणवेल. म्हणून घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, दोन-तीन मिनिटं. धडधड थांबली नाही तर तिच्याशी भांडू नये. जेरेमी जेमिसन यांच्या 2010 च्या अभ्यासात ज्यांना ‘ही धडधड तुम्हाला मदतच करते’ असं आधी सांगितलं होतं, त्यांनी जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या गणिताच्या भागात जास्त गुण मिळवले. पेपरआधी दहा मिनिटं भीती कागदावर लिहून काढावी, हा उपायही तुम्ही ऐकला असेल. 2011 मध्ये त्याचा फायदा दिसला होता, पण 2018 मध्ये तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा दिसला नाही. बरं वाटत असेल तर करा, फार भरवसा ठेवू नका. रात्रीची झोप मात्र कुठल्याही डेरिव्हेशनसाठी मोडू नये. दिवसभर शिकलेलं झोपेत अधिक पक्कं होतं, आणि रात्री दहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन पहाटे तीनच्या सुमारासही अंगात असतं.

भीती परीक्षेपुरती न राहता आठवडेच्या आठवडे झोप आणि जेवण उडवत असेल, तर तो अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न उरत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. माझ्या काळी असं काही नव्हतं.

त्या मुलीच्या पेपरला योगायोगाने माझीच सुपरव्हिजन होती. पेपर वाटून झाल्यावर तिने पेन खाली ठेवलं, डोळे मिटले. मला माझा तो दिवस आठवला आणि माझेच हात गार पडले. मग तिने उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान उघडून कोपऱ्यात दोन दोऱ्या आणि दोन गोळे काढले, खाली एक्स वन, एक्स टू लिहिलं. डोक्यातल्या टेबलावरचं ओझं कागदावर उतरवायचं, हे तिला सांगितलेलं होतं. पुरवण्या वाटत मी तिच्या बाकाजवळून परत गेलो, तेव्हा गतिज ऊर्जेची ओळ लिहून झाली होती आणि कॉस थीटा एक वजा थीटा दोन तिथे होतं.