खुर्च्या गोलच, पण स्वमदत गट वेगळा आणि गटोपचार वेगळा

दहा-बारा खुर्च्या गोल मांडलेल्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास, एकेक जण आपलं सांगतोय. हे दृश्य स्वमदत गटाचं असू शकतं, म्हणजे एकाच त्रासातून जाणारे लोक एकमेकांना आधार देतात त्याचं; आणि गटोपचाराचंही, म्हणजे थेरपिस्ट चालवतो त्या ‘ग्रुप थेरपी’चं. म्हणून कुणी ‘ग्रुपला जातोय’ म्हणालं, की कुठल्या ते विचारावं. (स्वमदत म्हटल्यावर ज्यांना बचत गट आठवला, त्यांच्यासाठी: पापड-लोणच्यांशी याचा संबंध नाही.)

स्वमदत गटाचं सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा अल्कोहोलिक्स अनॉनिमस, थोडक्यात एए. १९३५ साली अमेरिकेत, ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत सावरले. तिथून हे सुरू झालं.

काकांबरोबर मी एकदा एएच्या ‘ओपन मीटिंग’ला गेलो होतो. तिथे न पिणाऱ्यालाही बसता येतं. एक गृहस्थ उठले, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणाले आणि पगाराचं पाकीट घरी पोचेपर्यंत कसं रिकामं व्हायचं ते सांगू लागले. सांगता सांगता रडले. मला वाटलं, आता कोणी तरी समजूत घालेल. पण नाही. ‘थँक यू’ म्हणून पुढच्याने स्वतःचं सुरू केलं. दुसऱ्याच्या शेअरिंगवर शेरा नाही, सल्ला नाही, अशी तिथली रीत. शेवटी पैशांची पिशवी फिरली. माझा हात खिशाकडे गेला, तसा शेजारच्याने हळूच अडवला. खर्च सदस्यांनीच भागवायचा, बाहेरच्याचे पैसे चालत नाहीत.

गटोपचारात बरोबर याच्या उलट. तिथे एकाने बोलल्यावर दुसऱ्याने बोलणं हाच तर उपचार! समजा कोणी म्हणालं, ‘मला कुणी विचारतच नाही.’ थेरपिस्ट समोरच्याला विचारतो, ‘हे ऐकून तुम्हाला काय वाटलं?’ तो म्हणतो, ‘आल्यापासून यांनी आमच्याकडे बघितलंही नाही.’ कामाला सुरुवात होते ती इथे. हे झोंबतं, म्हणून सावरायला प्रशिक्षित माणूस लागतो. कोणाला गटात घ्यायचं हे तोच आधी भेटून ठरवतो. फी असते, सहसा ठरलेली सत्रं असतात.

बाहेरच्या मैत्रीचंही तसंच. गटोपचारात सदस्यांनी परस्पर गाठीभेटी घेऊ नयेत असं बहुधा सांगतात. एएमध्ये मात्र रात्री दोन वाजता तलफ आली तर स्पॉन्सरला, म्हणजे आधी सावरलेल्या सोबत्याला, फोन करायचा.

दोन्हीकडे जायला हरकत नाही. फक्त वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला एकदम बंद करायला लावून थेट मीटिंगला नेऊ नये. दारू तुटल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर सुटते, फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवावरही बेतू शकतं. तिथे डॉक्टरच हवा. आमचे काका आधी आठवडाभर दवाखान्यात होते, मग मीटिंगला लागले.