शोधनिबंध संदर्भांपाशी अडतो तो इथे

एका नियतकालिकाकडे येणाऱ्या मराठी, इतिहास आणि समाजशास्त्रातल्या शोधनिबंधांची प्राथमिक तपासणी मी करते. म्हणजे परीक्षकांकडे जाण्याआधी लेख माझ्या हाताखालून जातो. विषय चांगला असतो, दोन-दोन वर्षांची मेहनत दिसते, आणि तरी ‘संदर्भ नियमानुसार नाहीत’ एवढी एक ओळ लावून लेख परत जातो. त्या ओळीवरून लेखकाला काहीही कळत नाही, याचा मला मनापासून राग येतो. म्हणून नेमकं कुठे अडतं ते इथे लिहिते.

आधी पात्रता आणि कागदपत्रं. लेख पूर्वी छापलेला नसावा आणि एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवलेला असावा. लेखकाच्या नावाचं वेगळं पान, सारांश, बीजशब्द, मौलिकतेचं घोषणापत्र आणि सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळखक्रमांक) बहुतेक ठिकाणी मागतात. ऑर्किड मोफत मिळतो, पाच मिनिटांत. ‘तुमचं नियतकालिक केअर यादीत आहे का?’ असं अजूनही रोज कुणीतरी विचारतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, मान्य नियतकालिकांची ती यादी २०२५च्या फेब्रुवारीत बंद केली. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलेला असण्याची यूजीसीची सक्तीही २०२२च्या नियमांत उरली नाही. तुमच्या विद्यापीठाने ती स्वतःची अट म्हणून ठेवली आहे का, हे मात्र पीएच.डी. विभागात लेखी विचारून घ्या. नियतकालिक खरं आहे का हे पाहायला त्याचा आठ अंकी ओळखक्रमांक, म्हणजे आयएसएसएन, आयएसएसएनच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नामांकित नियतकालिकाच्या नावाची नक्कल करून पैसे उकळणारे आहेत, आणि नोकरीच्या घाईत असलेली मुलंच त्यांना बळी पडतात.

आता संदर्भ. एपीए, एमएलए, शिकागो यांपैकी संदर्भ देण्याची कोणती पद्धत हवी ते नियतकालिकाच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. ‘प्रबंधात सरांनी हीच पद्धत सांगितली होती’ हे उत्तर चालत नाही, कारण प्रबंधाची पद्धत विद्यापीठाची आणि लेखाची पद्धत नियतकालिकाची. एपीएत कंसात आडनाव आणि वर्ष, एमएलएत आडनाव आणि पृष्ठ, शिकागोत बहुधा तळटीप. एपीएच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीपासून प्रकाशनस्थळ लिहायचं नसतं, तरी ‘पुणे’ आणि ‘मुंबई’ जागोजाग दिसतात. एकाच लेखात तिन्ही पद्धती मिसळलेल्या असतील तर लेख ठिकठिकाणाहून उचलून जोडला की काय, अशी शंका येते. ती शंका पुढे परीक्षकालाही येते.

पण सगळ्यात जास्त लेख ज्या कागदापायी अडतात, तो कुणाकडेच नसतो. तो म्हणजे पुस्तकाच्या शीर्षकपानामागचं पान. ग्रंथालयातून लोक पृष्ठ ११२ ते १४० व्यवस्थित झेरॉक्स करून, स्पायरल लावून ठेवतात, पण सुरुवातीची दोन पानं त्यात नसतात. वर्षभराने मी प्रकाशनवर्ष विचारते तेव्हा पुस्तक दुसऱ्याच गावात असतं. हात जोडून सांगते, पुस्तक हातात असताना त्या दोन पानांचा मोबाईलवर फोटो काढा. फोटो असला तरी तो नीट वाचावा लागतो. त्या पानावर प्रकाशक, मुद्रक आणि कधीकधी वितरक अशी तीन नावं असतात, आणि लोक घाईत छापखान्याचं नाव प्रकाशक म्हणून लिहून टाकतात. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतही गल्लत होते. मजकूर बदलला असेल तर नवी आवृत्ती, तसाच पुन्हा छापला असेल तर पुनर्मुद्रण. तुम्ही जी प्रत वाचली तिचंच वर्ष आणि तिचेच पृष्ठक्रमांक द्या. प्रस्तावनेखालची तारीख प्रकाशनाची तारीख नसते.

जुन्या पुस्तकांवर शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शकवर्ष चैत्रात सुरू होतं. शके १८३२चा आषाढ म्हणजे १९१०, आणि त्याच शकातला माघ किंवा फाल्गुन म्हणजे १९११. पौष तर दोन्ही वर्षांत पडू शकतो, तिथे तिथी पाहावी लागते. महिना छापलेलाच नसेल तर ‘१९१०-११’ असं लिहा, अंदाजाने एक वर्ष ठोकून देऊ नका.

नावांचं तर विचारूच नका. यादीत ‘महाराज, तुकाराम’ अशी नोंद मी कितीदा खोडली असेल! संतांना आडनाव लावायचं नसतं. तुकाराम ‘त’खालीच येतात. टोपणनावाने लिहिलेलं पुस्तक पुस्तकावर असलेल्या नावानेच नोंदवावं. मुखपृष्ठावर कुसुमाग्रज असेल तर कुसुमाग्रज, वि. वा. शिरवाडकर असेल तर शिरवाडकर. एकच लेखक दोन्हीकडे येत असेल तर एका नोंदीतून दुसरीकडे निर्देश करा. इंग्रजी नियतकालिकात मराठी ग्रंथाचं शीर्षक रोमन लिपीत आणि पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ, असं एपीए मागतं. लिप्यंतराची एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा. ‘श’ आणि ‘ष’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला फरक एका पानावर दाखवून पुढच्या पानावर सोडून देऊ नका.

दिवाळी अंकातल्या लेखाला खंड आणि अंक क्रमांक सापडत नाही म्हणून काहीजण मनाने क्रमांक घालतात. तसं करू नका. ‘दिवाळी अंक’ आणि वर्ष पुरेसं आहे. पुणे पुराभिलेखागारातला मोडी कागद असेल तर दफ्तराचं नाव, रुमाल (कागदांचं गाठोडं) क्रमांक आणि कागदाची तारीख लागते. नुसतं ‘पेशवे दफ्तर, पुणे’ लिहिलं तर तो कागद दुसऱ्या कुणाला कधीच सापडणार नाही, आणि संदर्भ दिला जातो तो त्यासाठीच.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेलं माझ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतं, आणि दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य तपासणाऱ्या प्रणालीलाही ते मराठी म्हणून वाचता येत नाही. त्या साम्याचीही फार भीती बाळगली जाते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर व संदर्भसूची त्यातून वगळतात. पण अवतरणचिन्हं विसरलात तर तोच उतारा साम्यात धरला जातो.

‘माझ्या २०२१च्या लेखात मी दाखवले आहे’ हे वाक्य पाठवण्याआधी काढा. परीक्षकाला लेखकाचं नाव कळू नये म्हणून नावाचं पान वेगळं घेतात, आणि या एका वाक्याने ते उघड होतं. स्वतःचा संदर्भ त्रयस्थासारखा द्या, फाईलच्या गुणधर्मांतलं (प्रॉपर्टीज) नावही पुसा.

शेवटी तारखा. लेख मागवणाऱ्या निवेदनातली ‘अंतिम तारीख’ पुष्कळदा सारांशाची असते आणि पूर्ण लेखाची दुसरी, खाली बारीक अक्षरात. दुरुस्तीसाठी मिळालेले पंधरा दिवस आमचा मेल निघाल्यापासून मोजतात, तुम्ही तो उघडल्यापासून नाही; स्पॅमचा कप्पा रोज बघा. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपण्याआधी दोन ओळींचा मेल करा, आम्ही सहसा वाढवून देतो. मुदत उलटल्यावर मात्र अनेक ठिकाणी लेख नवा म्हणून धरला जातो आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जातो.