कारवानीचं पिल्लू आणि सुतळीला बांधलेली चिंधी

लातूरकडे माझ्या मावसभावाच्या शेतावर गेल्या हिवाळ्यात कारवानीचं, म्हणजे सशामागे धावणाऱ्या आपल्याकडच्या सडपातळ शिकारी कुत्र्याच्या जातीचं, एक पिल्लू आलं. मादी, वाळल्या कडब्याच्या रंगाची, वय अडीच महिने. तिसऱ्या दिवशी मी सुतळीच्या टोकाला जुन्या धोतराची चिंधी बांधली आणि अंगणातून ओढत नेली. बाजेखाली लोळणारं पिल्लू ताडकन उठलं. मान ताठ, नजर चिंधीवर खिळलेली, शेपूटसुद्धा हलेना. मग एक पाऊल दबकत, दुसरं दबकत, आणि एकदम झेप! चिंधी तोंडात येताच तिने मान डावीउजवीकडे गदागदा झटकली. ससा तिने जन्मात पाहिला नव्हता, आणि हे सगळं तिला कुणी शिकवलंही नव्हतं.

प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक याकडे साखळी म्हणून पाहतात. चाहूल घेणं, रोखून बघणं, दबकत जाणं, पाठलाग, धरणं, मारणं, फाडणं, खाणं. लांडग्यात या सगळ्या कड्या शाबूत असतात. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी कुत्र्यांच्या जाती याच साखळीवर ठेवून तपासल्या. माणसाने हजारो पिढ्या निवडून पैदास केली, तेव्हा कुठे एक कडी ठळक झाली, कुठे दुसरी दबली. मेंढ्या वळवणारा बॉर्डर कोली रोखून बघतो, दबकतो, धावतो. पण मारण्यापर्यंत जात नाही. रिट्रीव्हर शिकाऱ्याने पाडलेला पक्षी तोंडात धरून आणतो, दात मात्र रुतवत नाही. कळपात राहून मेंढ्या राखणाऱ्या जातींत ही साखळी सहसा सुरूच होत नाही. आणि कारवानी, पश्मी, मुधोळ या आपल्याकडच्या कुत्र्यांत पाठलागाची कडी इतकी ठळक आहे की समोर काही पळालं की कान जणू बंद होतात.

म्हणून ‘पिल्लाला ससा धरायला कसं शिकवायचं?’ या गावात हमखास निघणाऱ्या प्रश्नाला माझं उत्तर एकच असतं. धावणं त्याच्या रक्तात आहे. शिकवायचं ते थांबणं. आणि आज ते शिकवणं गरजेचंही आहे, कारण आपल्याकडे रानातल्या सशाची शिकार हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

सशाबद्दल थोडं इथेच सांगतो. पिंजऱ्यात पाळतात तो आणि माळावर दिसतो तो, दोघांना मराठीत आपण ससाच म्हणतो, पण ते वेगळे प्राणी आहेत. पाळीव सशाचे मूळ पूर्वज युरोपातले, बिळं करणारे. त्यांची पिल्लं बिनकेसांची आणि डोळे मिटलेली जन्मतात. आपल्या माळावरचा, मानेवर काळा डाग असलेला ससा बीळ करत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून बसतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जगात येतात. त्याची सारी भिस्त दोन गोष्टींवर: निपचित बसणं आणि वेळ आली की पळणं. अशी पिल्लं एकटी दिसली की लोक ‘बिचारी आईवेगळी’ म्हणून उचलून आणतात. कृपा करून आणू नका. आई तिथेच कुठेतरी असते.

आता कारवानीची घडण बघा. वेगाची नेमकी मोजमापं ग्रेहाउंड या शर्यतीच्या कुत्र्यावर झाली आहेत, पण ठेवण तीच: खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय आणि धनुष्यासारखा वाकणारा कणा. भरधाव असताना घोड्याचे चारही पाय एका ढांगेत एकदा हवेत असतात. या कुत्र्यांचे दोनदा असतात, एकदा अंग मुडपलेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरच्या पुढे जातो. वळणावर आपण धावताना आपोआप हळू होतो, तो होत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या जिम अशरवुड आणि ॲलन विल्सन यांनी २००५ मध्ये हे दाखवलं. त्यांचं स्पष्टीकरण असं की त्याचे पाय मुख्यतः भार पेलतात आणि जोर लावतात ते कंबर आणि धडाचे स्नायू, सायकलस्वार पॅडल मारतो तसे.

डोळ्यांचंही तसंच. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये पाहिलं की लांब नाकाच्या कुत्र्यांत दृष्टिपटलावरच्या पेशींचा दाट आडवा पट्टा असतो, तर चपट्या नाकाच्यांत त्या मध्याजवळ एकवटलेल्या असतात. आडव्या पट्ट्याचा उपयोग क्षितिजालगत काही हललं तर ते टिपायला. बारकावे कुत्र्याला आपल्यापेक्षा कमीच दिसतात. हालचाल मात्र झटक्यात दिसते. स्थिर बसलेल्या सशाजवळून कारवानी निघून जातो आणि तोच ससा दूरवर उठला की बाण सुटतो, त्याचं कारण हेच.

पिल्लाच्या बाबतीत मला सर्वांत काळजी वाटते ती हाडांची. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या वाढीच्या पट्ट्या असतात. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत त्या मिटायला वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. तोवर भरधाव वेगात वळवणं, मोटारसायकलच्या मागे मैलोन्‌मैल पळवणं म्हणजे कच्च्या सांध्यांवर घाव घालणं. ‘आतापासून पळवलं तर दम वाढेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये. दिवसातून दोनचार मिनिटं चिंधी, मऊ मातीवर, सरळ रेषेत, सकाळच्या गारव्यात. इतकं पुरे. उन्हात तर मुळीच नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८-३९ अंश सेल्सिअस असतं, आणि जोरदार शर्यतीनंतर ते ४१ पर्यंत चढतं.

आणि प्रत्येक वेळी शेवटी चिंधी त्याच्या तोंडात येऊ द्या. लेझरचा ठिपका भिंतीवर नाचवून खेळवणं मला म्हणूनच पटत नाही. त्यात धरायला हाती काहीच येत नाही, आणि काही कुत्र्यांना मग सावल्यांच्या, उजेडाच्या मागे लागण्याचं वेडच जडतं.

थांबवायचं कसं? आम्ही शिटीपासून सुरुवात केली. घरात, शांतपणे, शिटी आणि लगेच कलेजीचा तुकडा. पंधरा दिवसांत शिटी वाजताच तिची मान वळू लागली. मेंदूत काय घडतं हे मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. डोपामीन हे बक्षिसाशी जोडलेलं रसायन सोडणाऱ्या पेशी सुरुवातीला खाऊ मिळाल्यावर चेततात, पण सराव झाला की खाऊची खूण दिसताच चेततात. म्हणजे शिटीच गोड होऊन बसते.

पण चिंधी पळत असताना कलेजीची काय किंमत? शून्य. इथे डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाचं तत्त्व कामी आलं: जी गोष्ट प्राण्याला जास्त हवी आहे, तीच कमी हव्या असलेल्या गोष्टीचं बक्षीस करा. मी चिंधी ओढायची, भावाने शिटी मारायची, त्याच क्षणी मी चिंधी थांबवायची. तिने आपणहून मान वळवून भावाकडे पाहिलं की तो ‘छू!’ म्हणायचा आणि चिंधी पुन्हा सुटायची. थांबल्याचं बक्षीस पळायला मिळणं! सगळा वेळ गळ्यात लांब दोरी, चूक झालीच तर माळ गाठू नये म्हणून.

आठव्या महिन्यात सगळं विसरल्यासारखी वागायला लागली. भाऊ खट्टू झाला. पण २०२० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरवर हेच नोंदवलं होतं. वयात येण्याच्या सुमारास, साधारण आठ महिन्यांची कुत्री आपल्याच माणसाचं कमी ऐकतात, परक्याचं मात्र ऐकतात, आणि ही अवस्था सरते. आम्ही दोरी काढली नाही, ओरडलो नाही, रोजचं दोन मिनिटांचं काम चालू ठेवलं.

दिवाळीला गेलो तेव्हा ती वर्षाची झाली होती. सोयाबीन काढलेल्या रानात चिंधी सुटली होती आणि ती तिच्यामागे, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली. भावाने शिटी मारली. चिंधी या वेळी आम्ही थांबवली नाही, मुद्दाम. धुळीचा लोट उठला, मागचे पाय घसरले, ती आडवी फिरली आणि चिंधी बांधाकडे पळत असतानाच जीभ बाहेर काढून भावाकडे बघत उभी राहिली. त्याच्या तोंडून ‘छू’ निघेपर्यंत जागची हलली नाही.