चिबड रान आणि पालेभाजी : पार्श्वभूमी

जुलैत चार दिवस झड लागली तरी कोथिंबिरीचा वाफा लगेच बसत नाही. पावसात तो उलट तजेलदार दिसतो. पाचव्या दिवशी पाऊस उघडतो, ऊन पडतं आणि दुपारपर्यंत सगळी भाजी माना टाकते. सरीत पाणी साचलेलं, वर पानं सुकलेली. एक रोप उपटून पाहा. पांढरी असायला हवीत ती मुळं तपकिरी झालेली असतात. चिमटीत धरून ओढलं तर वरची साल हातात येते, आतला दोरा तेवढा राहतो. वास गटारासारखा.

अशा रानाला आपल्याकडे चिबड म्हणतात. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सरकारदरबारी मात्र या दुखण्याची दखल कालव्यांनंतर घेतली गेली. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला. काळ्या जमिनीत उसाला बारमाही पाणी मिळू लागलं, भूजल वर आलं, पाण्याबरोबर क्षारही वर आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काळजी होती ती उसाची आणि जमिनीची. मेथी-कोथिंबिरीचा वाफा तेव्हा कुणाच्या हिशेबात नव्हता, आणि खरं सांगायचं तर पुढेही बराच काळ नव्हता.

मुळांना हवा लागते, हे त्याच काळात बिहारमधल्या पुसा इथे अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड हे दांपत्य ठासून मांडत होतं. तिथली नीळ पावसाळ्यानंतर सुकायची आणि लोक रोगजंतू शोधत बसायचे. हॉवर्डनी मुळं खणून काढून पाहिली आणि दोष कोंदटलेल्या मातीला दिला. आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटलं नसतं. ओल आणि हवा दोन्ही बेताची असलेल्या मातीसाठी त्याच्याकडे ‘वाफसा’ हा शब्द होताच.

पुढचा धागा अगदी वेगळ्या ठिकाणाहून आला. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ मध्ये दाखवलं की प्रयोगशाळेतल्या दिव्यांच्या गॅसमुळे वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतात, आणि हा प्रताप त्यातल्या इथिलीन वायूचा आहे. वनस्पती स्वतःही हा वायू बनवतात, हे १९३४ मध्ये सिद्ध झालं. पाणी साचलेल्या झाडाशी त्याचा संबंध नीट उलगडला तो कॅलिफोर्नियात, १९८०च्या आसपास. शांग फा यांग आणि केंट ब्रॅडफर्ड यांनी टोमॅटोवर दाखवलं की गुदमरलेल्या मुळांत इथिलीनचा कच्चा माल साठतो, पण ऑक्सिजन नसल्याने तो तिथे पुरा होत नाही. तो रसाबरोबर वर चढतो, पानात हवा मिळते आणि तिथे इथिलीन तयार होतं. देठ खाली वळतात. म्हणजे मुळांची तक्रार पान बोलून दाखवतं.

बाकी साखळी आता बरीच स्पष्ट आहे. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश झिरपतो. मातीतला साठा मुळं आणि जिवाणू मिळून उबदार हवेत एक-दोन दिवसांत संपवतात. मग मुळं हवेविना श्वसन करतात. साखरेच्या एका रेणूपासून एरवी एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे, तीसेक रेणू मिळतात, आता जेमतेम २. पेशीतला रस आंबट होतो आणि त्याने मुळांच्या पेशीपटलातली पाण्याची दारं मिटतात. पाण्यात उभी असलेली भाजी सुकते ती यामुळे. पर्णरंध्रं बंद, अन्ननिर्मिती मंद. जिवाणू मातीतला नायट्रेट वायुरूपाने उडवून लावतात, रोप नव्या पानांसाठी जुन्या पानांतला नत्र काढून घेतं आणि खालची पानं पिवळी पडतात. उघडीप झाल्यावर अचानक परतलेला ऑक्सिजनही पेशींना भाजून काढतो. त्यात ओल्या मातीत पोहत येणारे पिथियमसारखे बुरशीसदृश रोगजंतू असतातच.

हे सगळं टोमॅटोतही होतं. पण टोमॅटोची खालची चार पानं गेली तर झाड सावरतं, फळ लागतं. पालेभाजीत पान हाच माल. पिवळी मेथी घेतं कोण? शिवाय पीक तीस-चाळीस दिवसांचं, त्यातला आठवडा गेला तर भरून काढायला वेळच उरत नाही. माझ्या मते पालेभाजीचा प्रश्न इथेच वेगळा होतो, आणि संशोधनाने नेमकं तेच उशिरा पाहिलं. पैसा आणि माणसं भाताकडे गेली. ते समजण्यासारखंही आहे. ओडिशातल्या एफआर१३ए या जुन्या वाणातलं, बुडालं तरी तग धरू देणारं सब१ए जनुक २००६ मध्ये हाती लागलं आणि त्यातून पुढे स्वर्णा-सब१ भात शेतात पोचला. ऑक्सिजन कमी झाल्याचं पेशीला कळतं कसं, हे २०११ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी उलगडलं. ते अरॅबिडॉप्सिसवर, म्हणजे मोहरी-कोबीच्या कुळातल्या एका तणावर. पालेभाजीच्या एवढ्या जवळ येऊनही कोथिंबिरीच्या वाफ्यात उपाय अजून तोच जुना : गादीवाफा, कडेने चर, निचऱ्याची जमीन.

आणि तरीही एक पालेभाजी हे सगळं हसण्यावारी नेते. अळूचं देठ आडवं कापून उजेडात धरा. आत स्पंजासारखी पोकळ नळ्यांची जाळी दिसते. पानातली हवा याच वाटेने खाली मुळांपर्यंत पोचते. नाळीच्या भाजीचा पोकळ दांडाही तेच काम करतो. म्हणून कोकणात अळू न्हाणीच्या सांडपाण्यावर लावतात, बारा महिने चिखलात, आणि श्रावणात फतफतं करायला तोच हाताशी असतो.