‘कोच बदला’ म्हणण्याआधी मोकळा कोण उभा आहे ते बघा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली एखादी टीम सलग आठ-दहा मॅच हरली, की दोन टोळ्या तयार होतात. एक म्हणते, कोचला हाकला. दुसरी म्हणते, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग महिनाभर तेच दळण. कोर्टवर कोणीच बघत नाही, याचा मला खरा वैताग. कोचमुळे झालेली हार आणि खेळाडूंमुळे झालेली हार स्कोअरबोर्डवर सारखीच दिसते, कोर्टवर मात्र वेगवेगळी दिसते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टीम तळाला असेल तर खेळाडूंचं पारडं जड, आणि चांगलंच जड. पण ‘कोच बिचारा काय करणार’ हेही मला मान्य नाही.

खेळाडूंची बाजू तुम्हाला पाठ आहे, म्हणून दोनच दाखले. बॉस्टन सेल्टिक्स 2006-07 मध्ये 24 मॅच जिंकले आणि 58 हरले, त्यात सलग 18 पराभव. कोच डॉक रिव्हर्सला काढा म्हणून ओरड झाली. उन्हाळ्यात रे ॲलन आणि केव्हिन गार्नेट आले, कोच तोच राहिला, आणि पुढच्या सीझनला 66-16 आणि विजेतेपद. (त्याच वर्षी टॉम थिबोडो साहाय्यक कोच म्हणून आला आणि बचाव त्याने बसवला हे खरं, पण गार्नेट नसता तर तो बचाव कागदावरच राहिला असता.) सॅन अँटोनियो स्पर्समध्ये ग्रेग पॉपोविचने 1996-97 मध्ये सीझन सुरू असतानाच कोच म्हणून सूत्रं हाती घेतली. डेव्हिड रॉबिन्सन जायबंदी होता, हिशेब झाला 17-47. पुढच्या वर्षी टिम डंकन आला, रॉबिन्सन परतला, 56-26. एका उन्हाळ्यात माणूस इतका हुशार होत नाही.

आपल्याकडे घोळ वाढतो तो क्रिकेटमुळे. क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कॅप्टन घेतो आणि कोच ड्रेसिंग रूममध्ये बसतो, त्यामुळे निम्मे लोक बास्केटबॉलच्या कोचलाही शोभेचा समजतात. उरलेले निम्मे त्याला टाइमआउटमध्ये पाटीवर रेघोट्या मारताना बघून थेट देव करतात. खरं म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं काम त्या पाटीवर नसतंच. बदली खेळाडू कितीही वेळा पाठवता येतात, त्यामुळे 48 मिनिटांत कोणते पाच जण एकत्र खेळणार, हे दर दोन-तीन मिनिटांनी तो ठरवत असतो. माझ्या मते कोचिंग मोजायचं ते इथे.

आता ज्या टीमवरून हा वाद सर्वात जास्त रंगला तिच्याकडे येतो. डेट्रॉइट पिस्टन्सने जून 2023 मध्ये माँटी विल्यम्सला सहा वर्षांच्या करारावर आणलं, किंमत 7 कोटी 85 लाख डॉलर. वर्षभरापूर्वीच फिनिक्सला 64 मॅच जिंकून देऊन तो ‘कोच ऑफ द इयर’ झाला होता. डेट्रॉइटची सुरुवात 2-1 झाली आणि मग सलग 28 पराभव. एका सीझनमध्ये सलग इतक्या मॅच आधी कोणीच हरलं नव्हतं. 30 डिसेंबरला टोरोंटोविरुद्ध 129-127 असे कसेबसे जिंकले तेव्हा साडेसाती संपली. सीझन 14-68 वर थांबला आणि विल्यम्सला नारळ मिळाला.

‘टॅलेंटच नव्हतं’ हे उत्तर इथे चालत नाही. केड कनिंगहॅम 2021 च्या ड्राफ्टमधला, म्हणजे टीम्स नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यातला, पहिला. जेडन आयव्ही आणि ऑसार थॉम्पसन आपापल्या वर्षी पाचवे. जेम्स वाइझमन आणि मार्विन बॅगली तर आपापल्या ड्राफ्टमध्ये दुसरे. कागदावर गुणी पोरांची रांग होती.

आता एक चाल सावकाश बघू. कनिंगहॅम वरच्या बाजूला बॉल घेऊन उभा. जेलन ड्युरन येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे कनिंगहॅमच्या बचावपटूची वाट अंगाने अडवतो, कनिंगहॅम वळसा घालतो, ड्युरन रिमकडे, म्हणजे बास्केटच्या कडीकडे धावतो. इथपर्यंत कोचने शिकवलं ते सगळं बरोबर. पण थॉम्पसन कोपऱ्यात उभा आहे आणि त्याच्यावरचा बचावपटू त्याच्याजवळ नाहीच. तो पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, ड्युरनच्या वाटेत येऊन थांबलाय. कनिंगहॅमला समोर तीन धडं दिसतात. तो कोपऱ्यात पास देतो. थॉम्पसन अगदी मोकळा, आसपास कुत्रं नाही. शॉट जातो आणि रिमला आपटून बाहेर. घरी बसलेले म्हणतात, इतका मोकळा शॉट घालवला!

तो शॉट प्रतिस्पर्ध्यानेच दिला होता. पदार्पणाच्या त्या सीझनमध्ये थॉम्पसनची थ्रीची, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटची, टक्केवारी 18.6 होती. त्याने तिथून दिवसभर मारावं, हीच समोरच्यांची इच्छा. त्याला सोडल्यामुळे जो एक माणूस वाचला, तो रिमपाशी उभा करता आला.

लोक अडखळतात ते इथेच. शॉट मोकळा मिळाला म्हणजे कोचने काम केलं, आणि हुकला म्हणजे नशीब, असा हिशेब मांडतात. पण शॉट मोकळा होता का, यापेक्षा मोकळा कोण होता ते बघा. ज्याच्यासाठी चाल रचली तोच मोकळा झाला आणि शॉट हुकला, तर कोणाला काही बोलू नका, उद्या तो जाईल. दर वेळी समोरच्याने निवडलेला माणूसच मोकळा राहत असेल, तर दोष संघबांधणीचा, म्हणजे जनरल मॅनेजरचा. आणि कोर्टवर थ्री मारणारे असूनही कोणीच मोकळा होत नाही, बॉल बाहेरून बाहेर फिरतोय, 24 सेकंदांचं घड्याळ संपायला आलंय, तर तेव्हा कोचला खुशाल शिव्या द्या. ‘टॅलेंट’ म्हणजे एकेकट्याची गुणवत्ता. त्या गुणी पोरांतून एकमेकांना जागा करून देणारे पाच निघतात का, हा प्रश्न निराळा.

मग विल्यम्स निर्दोष? अजिबात नाही. थ्री नसलेला थॉम्पसन सुरुवातीच्या पाचांत असताना त्याने जोडीला किलियन हेझ उतरवला, ज्याच्या थ्रीची कोणालाच भीती नव्हती, आणि आयव्हीला बेंचवर बसवलं. आधीच अडलेल्या वाटेत त्याने आणखी एक अडथळा घातला. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये टीमने हेझला सोडूनच दिलं. सगळे बेंचवालेच एकदम कोर्टवर, असले प्रयोगही झाले. बोयान बोगदानोविच पहिल्या 19 मॅच दुखापतीने बाहेर होता हे मान्य, पण तो परतल्यावरही पराभव थांबले नाहीत. वाईट पर्यायांतले जास्त वाईट निवडणं, हा कोचचाच गुन्हा.

2024-25 मध्ये जे. बी. बिकरस्टाफ कोच म्हणून आला आणि टीम 14 वरून 44 विजयांवर गेली. झालं, ‘बघा, कोच बदलला आणि टीम बदलली!’ अहो, त्याच उन्हाळ्यात टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर आणि मलिक बीझली आले ते कुठे गेले? बीझलीने त्या सीझनमध्ये 319 थ्री मारले, 41.6 टक्क्यांनी. आता तीच कनिंगहॅम-ड्युरनची चाल लावा आणि कोपऱ्यात बीझली उभा करा. त्याला सोडून पेंटमध्ये यायची कोणाची हिंमत? वाट मोकळी झाली आणि कनिंगहॅम 26.1 गुण, 9.1 असिस्टच्या (ज्यावर बास्केट होते असे पास) सरासरीने पहिल्यांदा ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांत गेला. बिकरस्टाफचं श्रेय मी बचावाला आणि ठरलेल्या रोटेशनला (कोण कधी खेळणार त्या क्रमाला) देतो. 1 जानेवारी 2025 ला आयव्हीचा पाय मोडला तरी टीम कोसळली नाही, यात त्याचा हात आहेच. पण वाढलेल्या तीस विजयांतला मोठा वाटा शूटर्सचा.

कोचवाल्यांचा सगळ्यात भक्कम दाखला न्यू यॉर्क निक्सचा आहे, तो लपवणार नाही. 2019-20 मध्ये 21-45. थिबोडो मुख्य कोच झाला, गाभा बराचसा तोच, आणि 2020-21 मध्ये 41-31. बचाव घट्ट झाला, आणि तो त्यानेच केला. फक्त त्याच वर्षी ज्युलियस रँडलची थ्रीची टक्केवारी 27.7 वरून 41.1 झाली. पुढच्या वर्षी ती 30.8 वर आली आणि टीम 37-45. कोच तोच, ‘कोच ऑफ द इयर’ची ट्रॉफीही कपाटात. या पुरस्काराबद्दल माझा राग जुना आहे. तो बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा बरी खेळलेल्या टीमला मिळतो आणि नाव मात्र कोचचं लागतं. 2018 मध्ये ड्वेन केसीला टोरोंटोने आधी काढलं आणि मग हा पुरस्कार त्याला मिळाला, यावरून काय ते समजा.

नवा कोच आल्यावर पहिल्या काही मॅचमध्ये येणारी उसळी तर सोडूनच द्या. कोचला काढतात ते टीम अगदी खाली असताना, तिथून थोडं वर यायचंच.

तरीही मालक आधी कोचलाच का बदलतात? खेळाडूंचे करार बहुतेक हमीचे असतात, शिवाय सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, धरले जातात, त्यामुळे पंधरा जण एकदम बदलता येत नाहीत. कोचचा पगार कॅपमध्ये मोजतच नाहीत. मालकाकडे पैसा असला की संध्याकाळपर्यंत काम फत्ते. विल्यम्सला काढलं तेव्हा कराराची पाच वर्षं शिल्लक होती. त्याचा एका वर्षाचा खर्च सरासरी 1 कोटी 30 लाख डॉलरच्या आसपास पडत होता, आणि बीझली आला तो वर्षभराच्या करारावर, 60 लाख डॉलरमध्ये.