पाऱ्याचा रोध शून्य होण्याआधी

अतिवाहकतेचा, म्हणजे अतिथंड पदार्थाचा विजेला होणारा रोध (अडथळा) पूर्ण नाहीसा होण्याचा, शोध ८ एप्रिल १९११ रोजी लागला, एवढी एक ओळ पाठ्यपुस्तकात असते. त्या ओळीमागे नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातली २९ वर्षं उभी आहेत, आणि त्यांत कारागिरांचा वाटा फार मोठा आहे.

हाइके कामर्लिंग ओनेस १८८२ साली तिथे प्रायोगिक भौतिकीचे प्राध्यापक झाले. ‘मोजमापातून ज्ञान’ हे त्यांचं ब्रीद. डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांचे वायूंविषयीचे सिद्धान्त पडताळायचे तर अतिशय कमी तापमान हवं, आणि ते मिळवायचं तर पंप, झडपा, दुहेरी भिंतींची काचपात्रं हे सगळं घरीच घडवावं लागणार. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेला जोडून उपकरणं बनवायला शिकवणारी शाळाच काढली. पुढच्या यशात यंत्रकाम पाहणारे फ्लिम आणि काचकाम करणारे केसेलरिंग यांची नावं ओनेस यांच्या शेजारीच घ्यायला हवीत.

मध्ये एक मोठा खोळंबा झाला. १८०७ साली बंदुकीच्या दारूने भरलेलं जहाज फुटून लायडनचा एक भाग उद्ध्वस्त झाला होता. प्रयोगशाळा नेमकी त्याच जागेवर! दाबाखालच्या वायूंची शहराने धास्ती घेतली आणि १८९५ पासून सुमारे तीन वर्षं काम थांबलं. १८९८ मध्ये लंडनला शास्त्रज्ञ ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रवरूप केला. द्रवरूप व्हायचा उरला तो हेलियम.

हेलियम म्हटलं की आपल्याला विजयदुर्गाचा ‘साहेबाचा कट्टा’ आठवतो; हेलियमचा शोध तिथेच लागला असं सांगितलं जातं. पण ते ‘साहेब’, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर, तिथे आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियर यांनी सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी इंग्लंडमधूनच टिपली. आपल्या किल्ल्याचं हेलियमशी नातं खरं आहे, म्हणूनच ते नीट सांगावं.

लायडनला हा वायू मोनाझाइट या खनिजाच्या वाळूतून काढला. ती वाळू मिळवून दिली ओनेस यांच्या भावाने. १० जुलै १९०८ ला पहाटे पावणेसहाला काम सुरू झालं. संध्याकाळी पात्रात द्रव जमला, पण तो इतका नितळ की कुणाला दिसेना. एका सहकाऱ्याने खालून उजेड टाकायला सुचवलं, तेव्हा द्रवाची पातळी दिसली. जेमतेम ६० घनसेंटिमीटर हेलियम, तापमान उणे २६९ अंश.

आता जुना वाद सोडवता येणार होता: अतिथंड धातूत वीज सहज वाहील, की इलेक्ट्रॉनच गोठून ती थांबेल? ऊर्ध्वपातनाने अगदी शुद्ध करता येतो म्हणून पारा निवडला. ४.२ केल्विनच्या (सुमारे उणे २६९ अंशांच्या) आसपास त्याचा रोध हळूहळू न उतरता एकदम नाहीसा झाला. विद्युत रोधाची मोजमापं हे गिलेस होल्स्ट यांचं काम होतं. निबंधावर नाव मात्र एकट्या ओनेस यांचं, आणि हे मला आजही खटकतं.

१९२३ साली टोरंटोत हेलियम द्रवरूप झाला, तोही लायडनच्या आराखड्यांच्या मदतीने. तोवर १५ वर्षं एवढी थंडी जगात फक्त त्या एका इमारतीत तयार होत होती.