संध्याकाळी सफरचंद काळं का पडतं?

डाळिंब, संत्री, द्राक्षांचा घड, मागे एखादा तांब्या. जेवणाच्या टेबलाजवळ फळांचं असं रंगीत चित्र बऱ्याच घरांत असतं. इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा दिलेल्या कुणी तसं स्थिरचित्र स्वतःही रंगवलेलं असेल. नवीन असताना चित्राकडे लक्ष जातं, पुढे ते भिंतीत मिसळून जातं. याची मला हळहळ वाटते, कारण हे चित्र जागच्या जागी दिवसभर बदलत असतं. तो बदल बघायला कलेचं शिक्षण लागत नाही. एखाद्या संध्याकाळी दिवा लावायची घाई केली नाही तरी पुरे.

सूर्य मावळल्यावर अंधार पडेपर्यंत चित्रासमोर बसून बघा. दुपारी सगळ्यांत आधी डोळ्यांत भरणारं लाल सफरचंद हळूहळू विझतं. आधी तपकिरी, मग जवळजवळ काळं होतं. दुपारी मागे राहिलेली हिरवी पानं आणि निळसर कापड मात्र त्याच्या मानाने उजळ वाटू लागतात. चित्रावरचा रंग तोच असतो, आपला डोळा पाळी बदलत असतो. भर उजेडात दृष्टिपटलातल्या शंकुपेशी काम करतात आणि त्यांना मिळून ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा (प्रकाशाचा रंग या लांबीवरून ठरतो) पिवळसर हिरवा प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो. उजेड कमी झाला की दंडपेशी पुढे येतात. त्यांचा कल ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्याकडे असतो आणि गडद लाल प्रकाश त्यांना जवळपास जाणवतच नाही. म्हणून लाल आधी बुडतो. यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने १८२५ साली या बदलाविषयी लिहिलं आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. दंडपेशींना अंधाराची पुरती सवय व्हायला अर्धा तास तरी लागतो, तेव्हा मध्येच मोबाईल उघडलात तर सगळी मेहनत वाया.

दुपारी ते सफरचंद पानांतून इतकं उठून का दिसतं, यामागे फार जुना इतिहास आहे. गाय आणि कुत्रा यांच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या शंकुपेशी असतात, त्यामुळे लाल आणि हिरव्यात त्यांना फारसा फरक कळत नाही. माणसाकडे आणि आशिया-आफ्रिकेतल्या माकडांकडे तीन प्रकार आहेत. त्यातले दोन, साधारण ५३० आणि ५६० नॅनोमीटरला सर्वाधिक प्रतिसाद देणारे, एकाच जनुकाची दुसरी प्रत तयार होऊन वेगळे झाले. ही देणगी टिकली ती हिरव्या झाडीत पिकलेलं फळ लांबून ओळखता यावं म्हणून, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. कोवळी लालसर पालवी शोधायला ती जास्त उपयोगी पडली असावी, असं काहींचं म्हणणं आहे आणि हा वाद मिटलेला नाही. पण हिरव्या पानांत लाल फळ ठेवणारा चित्रकार आपल्या डोळ्यांच्या याच ताकदीला हात घालतो, एवढं नक्की.

शेजारचा रंगही काही कमी करामती करत नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर लावायची विणलेली चित्रं तयार होत. तिथल्या रंगकामाची जबाबदारी १८२४ मध्ये मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. काळा धागा पुरेसा काळा नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तो दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला; रंगात काहीच खोट नव्हती. तो धागा निळ्या आणि जांभळ्या धाग्यांना खेटून विणला जात होता आणि त्यांच्या संगतीत फिका दिसत होता. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या पूरक, म्हणजे रंगचक्रात समोर येणाऱ्या, रंगाकडे ढकलतो, हा नियम शेव्रलने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. संत्र्याशेजारी करड्या रंगाची छटा निळसर भासते ती यामुळेच.

फ्रेंच चित्रकार पॉल सेझानचं १८९९ च्या सुमाराचं सफरचंद-संत्र्यांचं चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्यातलं कापड कुणीही पांढरंच म्हणेल. प्रत्यक्षात त्याच्या घड्यांत निळा, करडा, जांभळट असे कितीतरी रंग आहेत आणि त्यांच्या शेजारामुळे संत्री धगधगतात. शेजाराची ही करामत घरच्या चित्रावरही तपासता येते. पांढऱ्या कागदाला लहानसं भोक पाडा, तो चित्रापासून थोडा दूर धरा आणि एक डोळा मिटून भोकातून फक्त कापडाची सावली किंवा फळाची काळोखी बाजू बघा. शेजार तुटला की सावलीचा खरा रंग दिसतो. तो तुमच्या अंदाजातला क्वचितच असतो.

दिव्याबद्दल थोडक्यात. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश असतो, त्यातल्या काही भागाचं रूपांतर आतला लेप पिवळ्या-लाल प्रकाशात करतो. स्वस्त दिव्यात गडद लाल कमी पडतो आणि डाळिंबाचे दाणे मातकट दिसतात. खोक्यावर सीआरआय (दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेला दिवा घ्या, फरक लगेच कळेल.

ऊन मात्र चित्राचं खरंच नुकसान करतं. व्हॅन गॉगने वापरलेला क्रोम पिवळा प्रकाशामुळे तपकिरी का पडतो, हे २०११ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडलं: रंगातल्या क्रोमियमचं रासायनिक रूपच बदलतं. छापील चित्रांची गत आणखी वाईट. ज्यूस सेंटरच्या बाहेरची जुनी पोस्टरं आठवा. त्यावरचे आंबे आणि कलिंगडं निळी पडलेली असतात. छपाईच्या शाईतले पिवळा आणि किरमिजी हे रंग उन्हात आधी तुटतात, तर तांबं असलेलं निळं रंगद्रव्य चिवट असतं, ते मागे उरतं. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट पडेल अशा भिंतीवर चित्र लावू नका. अतिनील किरण अडवणारी काच बसवली तर ऱ्हास मंदावतो, पण थांबत नाही, कारण दिसणारा प्रकाशही रंग तोडतो. गेलेला रंग परत येत नाही, तेव्हा चित्र निळसर दिसू लागण्याआधीच त्याची जागा बदला.